तळ्यात मासे किती?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या मालवणकडे कुणी गरवून परत येत असला, म्हणजे गळ टाकून मासे धरून, तर वाटेत भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : 'काय गावला?' या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. पिशवी भरलेली असेल तर 'कायच नाय मरे, दोन-चार', आणि रिकामी असेल तर 'एक मोठो होतो, सुटलो'. मीही आयुष्यभर अशीच उत्तरं देत आलो.

आज ज्या तळ्याबद्दल बोलणार आहे, तिथे हा प्रश्न १९४६ सालापासून सरकार विचारतं. आणि उत्तर लिहून दिल्याशिवाय तिथून निघायचं नाही असा नियम आहे.

तळ्याचं नाव एस्कनाबा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, पार उत्तरेला, व्हायलस काउंटीत. मी नोकरीच्या निमित्ताने या राज्यात आलो आणि राहिलो. मॅडिसनहून चार तास गाडी हाकली की हा भाग लागतो. नकाशावर बघाल तर रांगोळी घालताना हाताला धक्का लागून ठिपके सांडावेत तशी तळी दिसतात, एकट्या त्या काउंटीत तेराशेच्या आसपास. हिमयुगातला बर्फ मागे हटताना त्याचे डोंगराएवढे तुकडे मातीत गाडले गेले, पुढे ते वितळले आणि त्या खड्ड्यांची तळी झाली. एस्कनाबा त्यांतलंच एक. जेमतेम २९३ एकर, म्हणजे ११९ हेक्टर. सगळ्यात खोल जागी २६ फूट, दुमजली घर बुडेल एवढंच. सरकारी जंगलात आहे. साधारण डिसेंबर ते एप्रिल त्यावर बर्फाचं झाकण असतं.

तिथे जायचं तर राज्याचा मासेमारीचा परवाना लागतोच, पण शिवाय तळ्याजवळच्या तपासणी नाक्यावर थांबून त्या दिवसाची वेगळी चिठ्ठी घ्यावी लागते. ती फुकट मिळते. परतताना चिठ्ठी आणि मासे दोन्ही दाखवायचे. तिथला माणूस प्रत्येक मासा फळीवर आडवा ठेवून लांबी घेतो, वजन करतो, चार खवले काढून छोट्या पाकिटात घालतो. झाडाच्या खोडात वर्षाची कडी दिसते ना, तशा खवल्यावरही कड्या असतात. त्या मोजल्या की माशाचं वय कळतं.

१९४६ ते २००३, सत्तावन्न वर्षं, या तळ्यातल्या मुख्य माशावर दुसरा काही नियमच नव्हता. किती धरायचे याला मर्यादा नाही, केवढा धरायचा याला नाही, बंदीचा हंगाम नाही. हवे तेवढे न्या, फक्त दाखवून न्या. आजूबाजूच्या तळ्यांवर कडक नियम आणि इथे मोकळं रान, ते मुद्दामच. माणसाने मनसोक्त धरलं तर तळ्यातल्या माशांचं काय होतं ते बघायचं होतं. आणि मासे संपले नाहीत. कधी भरपूर झाले, कधी रोडावले, पण त्या सगळ्या काळात तिथला मुख्य मासा तळ्यातच वीण घालून टिकून राहिला.

हा मुख्य मासा म्हणजे वॉलआय. अंगाने लांबट, ऑलिव्ह आणि सोनेरी रंगाचा, पाठीवर काटेरी पर, तोंडात बारीक टोकदार दात. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, कारण डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात त्याला चांगलं दिसतं आणि ज्याला तो खातो त्या पिवळ्या पर्चला दिसत नाही. म्हणून वॉलआय धरावा संध्याकाळी. खायचा तेव्हा खा. मांस पांढरंशुभ्र. बायकोने पहिल्यांदा रवा लावून तळला, तेव्हा तिचा शेरा होता : 'मासा चांगला आहे हो, पण याला वासच नाही.' तिच्या लेखी ही तक्रार होती.

आता मुद्द्याचं. पाण्याखालचे मासे मोजतात कसे? घरी करून बघा. डब्यातल्या वालाच्या दाण्यांतून चाळीस काढा, त्यांना हळद लावा, परत डब्यात टाका, डबा चांगला हलवा. मग न बघता पन्नास दाणे काढा. त्यांत पाच पिवळे निघाले, म्हणजे दहातला एक पिवळा. तुम्ही पिवळे केले होते चाळीस, तर डब्यात दाणे असणार चारशेच्या आसपास. तळ्यात हेच करतात. एप्रिलअखेर बर्फ फुटला की वॉलआय विणीसाठी काठाजवळच्या गोट्यांवर येतो. तेव्हा जाळ्यांचे पिंजरे लावून त्याला धरतात, पराचं टोक कातरून खूण करतात, सोडून देतात. काही दिवसांनी पुन्हा धरतात आणि कातरलेले किती सापडले ते बघतात. शरद ऋतूत रात्री होडीतून पाण्यात विजेचा सौम्य झटका देत काठाकाठाने फिरतात. बोटाएवढी पिल्लं क्षणभर भोवळ येऊन वर तरंगतात, ती मोजून सोडतात. त्या वर्षीची वीण जगली की नाही, ते या फेरीत कळतं.

आणि सगळा खेळ तिथेच आहे. दोन किलोच्या मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. ती गोट्यांच्या फटींत अंडी सोडते आणि निघून जाते. आपल्याकडचा मरळ पिल्लांच्या राखणीला थांबतो, वॉलआय मागे वळून बघत नाही. मग एखाद्या आठवड्यात उबदार होत आलेलं पाणी थंडीने पुन्हा गारठतं, वारा सुटून अंडी वाळूत गाडली जातात, किंवा पिल्लं बाहेर पडतात त्या दिवसांत त्यांचं खाणं, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, पुरेसे झालेलेच नसतात. लाखातलं एकही वाचत नाही. दुसऱ्या वर्षी सगळं जुळून येतं आणि तळं पिल्लांनी भरून जातं. मादी वयात यायला चार ते सहा वर्षं लागतात. त्यामुळे यंदा गळाला काय लागणार, हे चार-पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिल-मेमधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. आपण कितीही महागडी काठी नेली तरी त्या एप्रिलपुढे तिचं काही चालत नाही.

लोक मला विचारतात, 'अहो, यंदा मासे आहेत का?' मी विचारतो, 'अमुक सालचा वसंत कसा होता?' त्यांना वाटतं मी विषय टाळतोय.

तरीही कुणी त्या बाजूला जाणार असेल तर सांगतो. हंगाम मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो. तेव्हा पाणी अजून थंड असतं आणि वॉलआय उथळ, खडकाळ काठाजवळ रेंगाळतो. जूनमध्ये पाणवनस्पतींच्या कडेला बघायचा. जुलै-ऑगस्टच्या दुपारी नाद सोडायचा, झाडाखाली झोपायचं आणि सूर्य कलला की उठायचं. आमिष म्हणून इथे जळू लावतात. हो, जळू! आमिषाच्या दुकानात फ्रीज असतो आणि त्यात डझनाच्या हिशोबाने जळवा विकायला असतात. लहानपणी शेतात पायाला जळू चिकटली की मीठ टाकून पाडायचो आणि शिव्या घालायचो. इथे मी तिला पैसे देऊन घरी आणतो. शिसं लावलेल्या गळात ती शेपटीकडच्या चूषकातून ओवायची, म्हणजे पाण्यात फितीसारखी वळवळत राहते. पहिल्यांदा ओवताना गळात जायच्या आधी ती माझ्याच अंगठ्याला चिकटली. होडीत सोबत असलेला गोरा शेजारी एवढा हसला की होडी हलायला लागली.

एस्कनाबावर मात्र आता वॉलआय घरी न्यायचा विचार करू नका. २००३ मध्ये प्रयोगाची दुसरी बाजू सुरू झाली : दिवसाला एकच, आणि तोही २८ इंचांपेक्षा मोठा असेल तर. एवढा वॉलआय तिथे विरळा. म्हणजे बंदीच म्हणा ना. धरायचा, बघायचा, सोडायचा. खायला पर्च आहेत, सूर्यमाशाच्या जातीचे चपटे लहान मासे आहेत, नॉर्दर्न पाइक आहे. पाइक काटेरी, पण ज्याने भिंग खाल्लाय त्याने काट्यांची भीती मला सांगू नये. बाकीच्या तळ्यांचे नियम वेगळे असतात. पुष्कळ ठिकाणी पंधरा इंचांखालचा सोडायचा, वीस ते चोवीस इंचांमधलाही सोडायचा, कारण त्या मापात विणणाऱ्या माद्या असतात, आणि दिवसाला तीनच न्यायचे. टेप खिशात ठेवायची सवय लागते.

या भागातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही सगळी भूमी मुळात ओजिब्वे या इथल्या आदिवासी लोकांची. वॉलआयला त्यांचा शब्द 'ओगा'. वसंतात रात्री मशाली पेटवून, माशांचे चमकणारे डोळे हेरून, ते भाल्याने मासा टिपत. जवळच्या एका वस्तीला फ्रेंचांनी 'लाक द्यू फ्लाम्बो' हे नाव दिलं ते यावरूनच : मशालींचं तळं. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात चढणीच्या माशांसाठी लोक बत्त्या घेऊन ओहोळावर जातात, त्याची मला पहिल्यांदा आठवण झाली ती इथे. १८३७ आणि १८४२ च्या तहांत ओजिब्वे लोकांनी जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने तो मानला नाही. १९८३ मध्ये न्यायालयाने हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला, आणि त्यानंतरची काही वर्षं वसंतातल्या रात्री होड्यांच्या धक्क्यांवर गोऱ्या लोकांचे जमाव येऊन दगड आणि अर्वाच्य शिव्या घालत. 'हे लोक सगळे मासे संपवणार' असं म्हणणं होतं.

पण मोजणी काय सांगते? भाल्याने मारलेला प्रत्येक मासा त्याच रात्री धक्क्यावर मोजला जातो, एकूण एक. आणि राज्यभराचा हिशोब काढला तर गळवाल्यांनी नेलेले वॉलआय कितीतरी पट जास्त भरतात. या तंट्यामुळेच उत्तरेकडच्या तळ्यांची शिस्तीत गणती सुरू झाली. तळ्यातल्या प्रौढ वॉलआयपैकी फार तर ३५ टक्के, त्याहून जास्त मासे सगळ्यांनी मिळून काढायचे नाहीत, असा दंडक ठरला. ज्यांच्यावर ओरड झाली त्यांच्याच मासेमारीचा हिशोब सगळ्यात चोख आहे. मला त्या जमावातली माणसं भेटली असती तर विचारलं असतं, तुम्ही किती नेले? त्यांनी नक्की मालवणी उत्तर दिलं असतं.

अलीकडे उत्तरेकडच्या बऱ्याच तळ्यांत मोठे वॉलआय दिसतात, पण पिल्लं दिसत नाहीत. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो, कधी अमुक दिवशी तर कधी महिनाभर मागेपुढे, आणि विणीची वेळ नि पिल्लांच्या खाण्याची वेळ यांची गाठ चुकते. पाणी तापलं की लार्जमाउथ बास या माशाचं फावतं. तो घरटं करून पिल्लं राखतो, शिवाय उबेत वाढतो. राज्याने २०१३ पासून मोठी केलेली वॉलआयची पिल्लं सोडायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. काही तळ्यांत ती लागू पडतात, काहींत नाहीत. आता मत्स्यखात्यातली माणसं उघड बोलतात : काही तळी वॉलआयसाठी लढवायची, काही बासची झाली हे मान्य करायचं. माझ्या ओळखीचे जुने गळवाले यावर चिडतात. बासही गळाला लागला की जोरदार ओढतो, खेळायला मजा येते. पण चाळीस वर्षं बांगडा खाल्लेल्या माणसाला 'यापुढे तारली खा' म्हटल्यावर तो जे तोंड करेल, तेच तोंड हे लोक करतात. मला त्यांचं पटतं.

गेल्या जूनमध्ये एस्कनाबावर गेलो होतो. लून पक्षी ओरडत होते, पाणी आरशासारखं, आणि तेच वाईट. वॉलआयला पाण्यावर थोडी चुळबूळ लागते. सात तास बसलो. संध्याकाळी सूर्य टेकल्यावर काठी एकदम वाकली. दोर सरसर गेला, होडीचं नाक वळलं, पाण्याखाली सोनेरी काहीतरी चमकलं, आणि दोर सैल पडला. जळू तेवढी गेली होती.

नाक्यावर एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, किती तास? मी म्हटलं, सात. किती मासे? एकही नाही. तिने शांतपणे शून्य लिहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, एक मोठा होता, हाताशी आला होता. ती हसली आणि कागद माझ्याकडे वळवून दाखवला. त्यावर धरलेल्यांचा रकाना होता, सोडलेल्यांचा होता. सुटलेल्यांचा नव्हता.

नमस्कार.