जंगलाच्या दिवशी पोरांना घरी ठेवू नका

मंडळी, नमस्कार. तिळगूळ खाऊन झाला असेल, तर आता थोडं स्पष्ट बोलते.

गेल्या आठवड्यात आमच्या घरी चांगलाच वाद झाला. सासूबाई साताऱ्याहून इथे स्वीडनला आल्या आहेत. बाहेर उणे सात, आणि नातीच्या फोरस्कूलाचा, म्हणजे इथल्या बालवाडीचा, जंगलाचा दिवस. "एवढ्याशा जिवाला बर्फात नेतात? छातीत कफ झाला म्हणजे?" आईंचा आवाज चढला. तेवढ्यात बूट चढवता चढवता आमची चार वर्षांची लेक म्हणाली, "आजी, थंडीने काही होत नाही. मोजे ओले झाले की रडू येतं."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या पायांनी शिकवलं होतं.

त्या दिवशी मीही बरोबर गेले होते. बर्फात सशाच्या पावलांचे ठसे दिसले: दोन लहान, एकामागे एक, आणि पुढे दोन मोठे, शेजारीशेजारी. ससा गेला कुठल्या दिशेला? पोरं भांडली. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांना हात टेकून उड्या मारायला लावल्या. मागचे पाय हातांच्या पुढे पडले आणि सगळ्यांना एकदम उमगलं. मग एक थर्मामीटर बर्फावर आणि एक खाली जमिनीलगत पुरला. खाली जास्त ऊब निघाली. उंदीर हिवाळाभर तिथे कसे राहतात, हे आता माझी मुलगी आजीला समजावते आहे.

हे काही नवं खूळ नाही. इथल्या मुलांना रानाची गोडी लावणारा स्कूग्समुल्ले, जंगलात राहणारं एक काल्पनिक पात्र, १९५७ सालचा. वर्षभर उन्हापावसात बाहेर राहणारी 'इ उर ओक स्कुर' पद्धतीची पहिली फोरस्कूला स्टॉकहोमजवळच्या लिडिंग्यो बेटावर १९८५ साली सुरू झाली. आणि आपण? जंगलाच्या दिवशी सकाळी "आज बरं नाही" असा निरोप धाडतो. पाठवलंच तर आत सुती बनियन. ते घामाने भिजतं आणि पोर गारठतं. अंगालगत लोकर घाला, पिशवीत जास्तीचे मोजे आणि हातमोजे द्या, आणि निर्धास्त राहा. खरा ताप असेल तेव्हा जरूर घरी ठेवा.

आईंची काळजी मला खोटी वाटत नाही. पण माझी काळजी वेगळी आहे. मे महिन्यात गावी गेलो की हीच पोरं आपण उन्हाच्या धास्तीने एसीच्या खोलीत कोंडतो. विहिरीवरची सुगरणीची घरटी, बांधावरची करवंदं, मुंगसाचं बीळ, हे सगळं आजोबांना ठाऊक आहे. ते आता थकले आहेत. स्वीडनचा ससा लेकीला कळला. साताऱ्याचं रान तिला दाखवायला आणखी किती उन्हाळे आपल्या हातात आहेत?