हरितल्यांगरचा अर्धा जबडा

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

येऊरच्या रस्त्यावर वानरं बसलेली असतात. गेल्या रविवारी एका मुलीनं तिथं आईला विचारलं, "हे आपले पूर्वज ना?" आई "हो" म्हणाली. मंडळी, वानर आपला पूर्वज नव्हे, आपल्या भावकीतला आहे. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, आणि तेव्हापासून तोही आपल्यासारखाच बदलत आला.

भावकीची खूण बोटांवर आहे. मांजराला नख्या असतात. आपल्याला आणि वानराला चपटी नखं, त्यांच्याखाली मऊ गादी. फांदी घट्ट धरायला हीच बोटं लागतात. सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत जवळपास साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्रायमेटांचे, म्हणजे माणूस, कपी, माकडं यांच्या गटातल्या जिवांचे, दात, जबडे, हातापायांची बारीक हाडं सापडली आहेत. जीव एवढासा, लोरिसएवढा. आपल्या पारसिकच्या डोंगराचा लाव्हा थिजून तेव्हा जेमतेम कोटभर वर्षं झाली होती!

आता ज्या जबड्यासाठी मी आज आलो, त्याच्याकडे येतो. 1932 साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुइस या तरुणाला हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. फक्त एका बाजूचा. त्यानं नाव दिलं रामापिथेकस, म्हणजे रामाचा कपी. कपी म्हणजे वानर नव्हे, चिंपांझी-गोरिलासारखे बिनशेपटीचे. पुढे 1960च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या जीवाश्म-अभ्यासकांनी हा माणसाचा अगदी आद्य पूर्वज असल्याचं मांडलं. माणसाच्या दातांची ओळ कमानीसारखी मागे रुंदावत जाते, कपींची इंग्रजी यू अक्षरासारखी. रामापिथेकसची कमान माणसासारखी दिसली.

पण दुसरी बाजू होती कुठे? ती आरशातल्या प्रतिमेसारखी जोडलेली होती. ही फुटकी बांगडी बघा. अर्धा तुकडा आरशाला टेकवला की पूर्ण बांगडी दिसते. आता तुकडा किंचित तिरका करतो. कमान रुंदावली! पुन्हा उलटा कलवला, अरुंद झाली. तुकडा तोच. जबड्याची मधली रेघच हाती नसेल, तर आरसा कुठे धरायचा?

1967 साली सॅरिच आणि विल्सन या संशोधकांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला, की माणूस आणि आफ्रिकी कपी यांच्या वाटा फुटून 50 लाख वर्षंच झालीत. रामापिथेकस तर तेव्हा कोटीच्या पलीकडचा मानला जायचा. जीवाश्मवाल्यांनी बराच काळ मानलं नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या रामापिथेकसच्या जवळच्या कपीचा चेहरा सापडला. 1982 साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्याची ठेवण माणसाची नव्हे, ओरांगउटान या आशियातल्या कपीची निघाली. प्रसिद्ध करणारे होते स्वतः पिलबीम. ज्या मतावर नाव झालं, तेच मत त्यांनी पुराव्यापुढे सोडलं. मला या साऱ्या इतिहासात हे पान फार मोठं वाटतं. रामापिथेकस आज शिवापिथेकसमध्येच गणला जातो.

आपली शाखा आफ्रिकेतली. 1924 साली दक्षिण आफ्रिकेत ताउंगला मिळालेली बालकाची कवटी, 1974 साली मिळालेला 32 लाख वर्षांपूर्वीचा लूसी नावाचा सांगाडा, चाडमधला 70 लाख वर्षांच्या आसपासचा साहेलान्थ्रोपस, हे सारे तिकडचे.

आरसा आणि बांगडी इथं टेबलावर ठेवतो. मुलांनो, आधी तुम्ही या. काच जपून धरा, आणि तुकडा हळूहळू फिरवून बघा.