उसाखालचं पाणी

(सांगली, पहाट. आयर्विन पूल, खालून वर)

हा सांगलीचा आयर्विन पूल, १९२९ सालचा. पुलाच्या खांबावर हे जे फुटांचे आकडे रंगवलेत ना, पावसाळ्यात अख्ख्या सांगलीचं लक्ष त्यांच्यावर असतं. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअप ग्रुपवर, स्टँडवर, सगळीकडे एकच विषय, पाणी किती फुटांवर गेलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आता कॅमेरा वर जातोय बघा, ४५, ५०, अजून वर, हां, इथं. ५७ फूट ६ इंच. ऑगस्ट २०१९.

(नृसिंहवाडी, संगम, घाटाच्या पायऱ्या)

आणि ही नरसोबाची वाडी. पश्चिमेकडून पंचगंगा येते, उत्तरेकडून कृष्णा, आणि इथं दोघी भेटतात. नदी चढली की पाणी उत्तरेच्या दाराने दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून लोक येतात. म्हणजे पाणी कुठवर आलंय हे बघायची सवय या भागाला पिढ्यानपिढ्या आहे. पुलाचा खांब, घाटाची पायरी, देवळाचा उंबरा, सगळी मापंच आहेत. पण प्रत्येक माप त्या त्या जागेचं. आत्ता या क्षणाला नदीकाठच्या सगळ्या गावांत मिळून पाणी कुठवर पसरलंय, कुठला रस्ता अजून चालू आहे, कुणाचा मळा गेला, हे एका नजरेत बघायचं तर वर जावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये वर काय असतं, तर ढग.

(गावातल्या घरांच्या भिंती, पाण्याच्या रेघा)

२०१९ च्या त्या महापुरात चार लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली, पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद होता, माणसं गेली, जनावरं गेली. भिंतींवरच्या या रेघा तेव्हाच्या. पुढची वीस सेकंद नुसतं बघा.

(लॅपटॉप, स्क्रीन रेकॉर्डिंग)

हे आमच्या लॅपटॉपचं स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. जसं झालं तसं ठेवलंय, फक्त डाउनलोडचा वेळ तेवढा कापलाय कारण एक फाईल जवळपास एक जीबीची असते. डावीकडे उन्हाळ्यातला सीन, म्हणजे उपग्रहाने वरून काढलेलं एक चित्र. ही बारीक काळी रेघ दिसते ना, ती कृष्णा. ही तिला येऊन मिळणारी पंचगंगा. आता उजवीकडे ऑगस्ट २०१९. रेघ गेली, हा सगळा काळा डाग म्हणजे पाणी. शिरोळ तालुका बघा, नदी कुठली आणि शेत कुठलं काही कळत नाहीये.

यात ढग का नाहीत, असं तुम्ही विचाराल. साधा उपग्रह कॅमेऱ्यासारखा काम करतो, त्याला उजेड लागतो आणि ढग आले की खाली नुसता कापूस दिसतो. हे चित्र रडारचं आहे. रडार स्वतःच लहर खाली सोडतं आणि जी परत येईल ती पकडतं, त्याला रात्र अडवत नाही, ढग अडवत नाहीत, पाऊसही फारसा अडवत नाही. संथ पाण्यावर लहर पडली की आरशावर पडल्यासारखी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येतच नाही, म्हणून पाणी काळं. शेतं, झाडं करडी. आणि घरं चमकतात, कारण भिंत आणि जमीन मिळून लहर सरळ परत फेकतात.

हा उपग्रह होता सेंटिनेल-१. युरोपियन युनियनच्या कोपर्निकस कार्यक्रमातला, जवळपास ७०० किलोमीटरवरून फिरणारा. म्हणजे बघा, पैसा युरोपातल्या लोकांच्या टॅक्सचा, उपग्रह त्यांचा, उडाला तो दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, आणि आम्ही सांगलीतल्या एका खोलीत बसून नुसता ईमेल देऊन अकाउंट काढलं आणि फाईल उतरवली. एक रुपया लागला नाही, कुणाला अर्ज केला नाही, कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण. ही फिल्म करायचं डोक्यात आलं ते त्या दिवशी. एवढी महागडी गोष्ट कुणी अशी मोकळी का सोडतं?

(जुनं फुटेज, लँडसॅटची चित्रं)

तर थोडं मागे जाऊ. २३ जुलै १९७२, अमेरिकेने पृथ्वीवरची जमीन बघायला पहिला नागरी उपग्रह सोडला, पुढे त्याचं नाव लँडसॅट झालं. आपल्याकडेही हैदराबादजवळ शादनगरला १९७९-८० च्या सुमारास लँडसॅटचा डेटा थेट उतरवायला सुरुवात झाली, आणि आपली एक अख्खी पिढी दुसऱ्याच्या उपग्रहावर हे काम शिकली. मग १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए गेला, तोही सोव्हिएत रॉकेटवर, बैकोनूरहून. सुरुवातीपासून हे क्षेत्र असंच आहे, एकाचं रॉकेट, दुसऱ्याचा कॅमेरा, तिसऱ्याची जमीन.

पण मध्येच अमेरिकेने ठरवलं की चित्रं विकायची. ऐंशीच्या दशकात धंदा खाजगी कंपनीकडे दिला आणि एका सीनची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. आता सांगा, चार हजार डॉलर घालून कुठला प्रोफेसर आपल्या तालुक्याचे दहा वर्षांचे सीन घेणार? लोक एक सीन घ्यायचे आणि त्याच्यावर अख्खी पीएचडी करायचे. नंतर किंमत सहाशेवर आली तरी जगभरात मिळून दिवसाला पन्नास-एक सीन जायचे. उपग्रह वरून रोज सगळं टिपतोय आणि खाली ते कपाटात पडून आहे, हे आठवलं तरी मला वाईट वाटतं.

(ॲमेझॉनचं जंगल, वरून)

पहिलं दार उघडलं ब्राझीलने. हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून मुद्दाम सांगतोय. ब्राझील आणि चीनने मिळून सीबर्स नावाचे उपग्रह बनवले होते आणि २००४ मध्ये ब्राझीलच्या अंतराळ संस्थेने त्यांची चित्रं आपल्या लोकांना इंटरनेटवरून फुकट द्यायला सुरुवात केली, मग शेजारच्या देशांनाही. ॲमेझॉनमध्ये कुठं झाडं पडतायत हे कुणालाही बघता यायला हवं, हा त्यामागचा एक मोठा भाग. त्याच सुमारास, २००५ मध्ये, पृथ्वीच्या निरीक्षणांचा डेटा एकमेकांना द्यायला बरेच देश एकत्र येऊन जीईओ नावाचा गट झाला, ऑफिस जिनिव्हाला, भारतही त्यात आहे, आज शंभराहून जास्त देश आहेत. आणि २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचं सगळं जुनं कपाट उघडलं. दिवसाला पन्नास सीन जायचे ते हजारांनी जायला लागले. उपग्रह तेच, चित्रं तीच, फक्त किंमतीची पाटी काढली.

युरोपने ते बघितलं आणि २०१३ मध्ये, सेंटिनेल उडायच्या आधीच, नियम करून टाकला की याचा डेटा पूर्ण, फुकट आणि सगळ्यांना. १९ मार्च २०१८ ला आपल्या अंतराळ विभागाने युरोपियन कमिशनशी करार केला, त्यांचा सेंटिनेलचा डेटा आपल्याला, आपल्या ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१, इन्सॅट-३डी अशा उपग्रहांचा त्यांना. आपण नुसते घेणारे नाही आहोत, हे मला इथं ठासून सांगायचंय. मोठी आपत्ती आली की अंतराळ संस्था एकमेकांना चित्रं देतात, त्याचा एक आंतरराष्ट्रीय चार्टर आहे, २००० पासून चालू, इस्रो त्यात २००१ पासून आहे. कुठल्यातरी देशात भूकंप होतो आणि आपला उपग्रह त्यांच्यासाठी चित्र काढतो. त्याची बातमी आपल्याकडे क्वचितच येते.

(श्रीहरिकोटा, ३० जुलै २०२५, प्रक्षेपण)

आता हे बघा. आवाज थोडा वाढवा.

संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं, इस्रोचं रॉकेट जीएसएलव्ही-एफ१६, आणि वर निसार, रडारवाला उपग्रह. नासा आणि इस्रो, दोघांची नावं एकत्र. करार झाला होता टोरांटोला, ३० सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे जवळपास अकरा वर्षं लागली. आणि हे रॉकेट बघताना एक जुनी गोष्ट डोक्यात येतेच. १९९२ मध्ये रशियाकडून क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन घ्यायच्या सौद्यावरून याच अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले होते. मग आपल्या लोकांनी ते इंजिन इथंच बनवलं, त्यात वर्षानुवर्षं गेली. आणि आता तेच क्रायोजेनिक इंजिन लावलेल्या रॉकेटवर अमेरिकेने आपलं सगळ्यात भारी रडार ठेवलंय. हा शॉट मी दहा वेळा तरी बघितलाय.

(कॅलिफोर्निया आणि बेंगळुरू, क्लीनरूम)

निसारवर दोन रडार आहेत. एल-बँडचं अमेरिकेचं, लहर साधारण २४ सेंटीमीटरची. एस-बँडचं आपलं, लहर त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही कॅलिफोर्नियात एकत्र जोडली, मार्च २०२३ मध्ये ते सगळं सामान अमेरिकन हवाईदलाच्या विमानातून बेंगळुरूला आलं, आणि इथं आपल्या लोकांनी ते उपग्रहाच्या सांगाड्यावर बसवलं. मग चाचण्यांमध्ये लक्षात आलं की रडारची लहर सोडणारी आणि पकडणारी ही जी मोठी छत्री आहे, ती मिटलेली असताना अंतराळात जास्त तापू शकते. तर ती छत्री काढून परत कॅलिफोर्नियाला, तिथं उष्णता परतवणारा थर चढवला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बेंगळुरू. एका छत्रीने अर्धं जग तीनदा ओलांडलं. पण काय छत्री आहे ती. बारा मीटर रुंद, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी, आणि वजन फक्त ६४ किलो, म्हणजे एका माणसाएवढं.

(छत्री उघडतानाचं ॲनिमेशन)

आधी छत्री धरणारा नऊ मीटरचा हात चार दिवसांत एकेक सांधा करत सरळ झाला आणि १५ ऑगस्टला छत्री उघडली. तारखेचा योग असा जुळला, छान वाटलं. हे फुटेज नासाने सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय म्हणून तुम्हाला दाखवता येतंय, हेही सांगतो. नंतर आपल्या एस-बँडने काढलेलं गोदावरीच्या मुखाचं चित्र इस्रोने दाखवलं, ही खारफुटी, ही शेती, ही चौकोनी चौकोनी मत्स्यतळी. नाशिकला निघणारी नदी समुद्राला मिळताना अशी दिसते.

(उसाचा फड, वाऱ्यावर पाती. मग उसाच्या आत शिरणारा कॅमेरा)

आणि आता परत सांगली-कोल्हापूर, कारण निसारचं खरं काम आपल्या भागाला इथं आहे. ऊस. कृष्णेच्या दोन्ही काठांना दुसरं काय आहे. ऑगस्टमध्ये आधीच्या वर्षीची आडसाली लागण वर्षाची झालेली असते, माणूस आत गेला तर दिसत नाही. सेंटिनेलची लहर साडेपाच सेंटीमीटरची, ती वरच्या पाचटा-पानांवरच अडकते, तिथूनच परत येते. त्यामुळे खाली तीन फूट पाणी असलं तरी वरून ऊस ऊसच दिसतो. आमच्या त्या चित्रातले हे करडे तुकडे बघा, पुराच्या मधोमध बेटासारखे. हे सगळे कोरडे होते? मला नाही वाटत.

एल-बँडची २४ सेंटीमीटरची लहर पानांमधून खाली उतरते. खाली पाणी असेल तर ती पाण्यावर आपटते, मग उसाच्या कांड्यांवर आपटते आणि जोरात परत जाते, म्हणजे पाण्यात उभा असलेला ऊस चित्रात काळा न दिसता उलट चमकतो. जंगलात, दलदलीत हे पूर्वीच्या एल-बँड उपग्रहांनी दाखवून दिलंय. बुडालेला ऊस वरून वेगळा काढता आला तर पंचनाम्याला, विम्याला, पुढची पूररेषा आखायला किती फरक पडेल ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. निसार दर बारा दिवसांत प्रत्येक जागेवरून दोनदा जातो, डेटा एक-दोन दिवसांत सगळ्यांसाठी खुला, आपत्तीत काही तासांत.

आणि एकाच उपग्रहावर अवलंबून राहून चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ च्या जोडीतला १बी बंद पडला आणि १सी वर जायला डिसेंबर २०२४ उजाडला, तोपर्यंत सगळा भार एकट्या १ए वर होता. म्हणून जितके देश उघडं ठेवतील तितकं बरं. आपल्या २०२३ च्या अंतराळ धोरणात पाच मीटर आणि त्याहून ढोबळ, म्हणजे एक ठिपका जमिनीवर पाच मीटरचा किंवा त्याहून मोठा असलेली, चित्रं फुकट द्यायचं लिहिलंय, इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर जाऊन बघा, बरंच मिळतं. अजून मिळायला पाहिजे, शोधायला सोपं पाहिजे आणि मराठीत पाहिजे. आणि ही कृष्णा पुढे कर्नाटकात जाते, तेलंगणा-आंध्रात जाते, तेव्हा धरणांचा विसर्ग, पाणीपातळी हेही सगळीकडच्या माणसाला एकाच जागी दिसलं पाहिजे. युरोप सांगलीला चित्र देतो, मग शेजारच्या राज्यांना काय अवघड आहे?

(भिंतीवरची रेघ, टेप लावून मोजणारे हात)

शूटिंगच्या दिवसांत आम्ही एक काम केलं. २०१९ च्या रेघा ज्या भिंतींवर अजून टिकल्यात, त्या मोजल्या. जमिनीपासून किती उंच, आणि मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश. घराच्या मालकाचं नाव नाही, फक्त जागा आणि उंची. रंग दिला की या रेघा जातील म्हणून घाई केली. उपग्रहाचं चित्र बरोबर आहे का हे तपासायला अशाच नोंदी लागतात, मग तपासणारा सांगलीचा असो नाहीतर नासाच्या पॅसाडेनातल्या लॅबचा. ती फाईल व्हिडिओच्या खाली ठेवलीय. विचारायची गरज नाही, घ्या, आणि तुमच्या गावातली रेघ असेल तर तीही त्यात घाला.