भेगाळलेले वावर आणि आभाळाकडे पाहणारा माणूस

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर ‘शेतकऱ्याचे छायाचित्र कसे टिपावे’ असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु ते कसे टिपू नये, याविषयी गेली वीस वर्षे मनात साठलेले आधी थोडे बोलू द्यावे. एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे: भेगाळलेली जमीन, तिच्यावर उकिडवा बसलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला म्हातारा, कपाळावर आडवा हात आणि नजर आभाळाकडे. मीही ते काढलेले असल्यामुळे तक्रारीचा अधिकार मला इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, असे मी समजतो.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या पुढे, मे महिन्याच्या एका दुपारी, मी एका काकांना त्यांच्याच वावरात असे बसवले होते. वर पाहा म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारले, “वर काय हाये जी?” पावसाची वाट पाहत आहात असे समजा, असे मी सुचवले. “मे महिन्यात कोण पाह्यते पावसाची वाट?” असे म्हणत, पाहुण्याचे मन मोडू नये एवढ्यासाठी त्यांनी मान वर केली. एका नियतकालिकाने ते चित्र ‘दुष्काळाच्या झळा’ या मथळ्याखाली छापले, आणि त्याच वर्षी पाऊस असा झाला की त्या शिवारातले सोयाबीन उभ्यानेच सडले. पुढे तेच चित्र कर्जमाफीच्या बातमीला लागले, मग गारपिटीच्या, आणि शेवटी आत्महत्येच्या. काही वर्षांनी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी कात्रणांची पिशवी समोर ठेवली आणि चहाचा कप पुढे सरकवत विचारले, “भाऊ, तुमच्या हिशेबात मी आतालोक किती डाव मेलो?” मला उत्तर सुचले नाही, चहा मात्र प्यालो.

आता त्या भेगांविषयी. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मुख्यालय ज्या शहरात अमरावती रस्त्यावर आहे, तिथे हे सांगावे लागू नये, तरी सांगतो. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे उत्तम पावसाच्या वर्षानंतरही उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पहिला पाऊस त्यांतूनच खोल मुरतो, आणि म्हणूनच ही जमीन आपली नांगरट आपणच करते असे म्हणतात. नागपूरच्या मे महिन्यात भेगा वकिलांच्या टाचांनाही पडतात. त्यांचे चित्र काढून दुष्काळ जाहीर करण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. (पहिल्या रांगेतील वकील मंडळींनी क्षमा करावी.)

ही खोड आपलीच आहे असेही नाही. 1936 साली अमेरिकेत सरकारी कामावर असलेल्या आर्थर रॉथस्टाईन या तरुण छायाचित्रकाराने साऊथ डकोटात तडकलेल्या जमिनीवर पडलेली गुराची एक कवटी काही फूट इकडे तिकडे हलवून तिची अनेक चित्रे काढली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर असताना विरोधी वृत्तपत्रांनी त्यावरून गहजब केला. कवटी हलवली हा आरोप सर्वांच्या लक्षात राहिला. तशी क्षारपड जमीन तिथे कोणत्याही वर्षी तडकलेलीच असते, हा दुसरा आक्षेप मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. रॉथस्टाईनने निदान निर्जीव कवटी हलवली होती. मी जिवंत माणसाची मान हलवली.

कापूस वेचणाऱ्या बायांचेही तेच. त्या लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात, कारण ऊन लागते आणि वाळलेल्या बोंडांची टोके हातांना ओरबाडतात. आमच्यातले हौशी लोक त्यांना शर्ट काढायला सांगतात, कारण त्याने रंग बिघडतो म्हणे! वेचणीची मजुरी किलोवर ठरते; तुमच्या रंगासाठी गेलेल्या अर्ध्या तासाचा कापूस कोणी वेचून देत नाही.

संयोजकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, म्हणजे मूळ विषयाला माझ्याजवळ पाच मिनिटे उरली. माझे म्हणणे थोडक्यात असे की, विदर्भातील शेतीचे नुकसान बहुधा लांबून दिसतच नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा वावर हिरवेगार उभे होते. त्या वर्षीचे खरे चित्र हवे असेल तर गुडघे टेकून, पाकळ्या मिटून गुलाबासारखी झालेली डोमकळी टिपावी लागते, किंवा हिरवे बोंड फोडून आतली सरकी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली. तिथे दाखवायचा होता तो पाठीवरचा गळका पंप आणि उघडे हात.

दुसरे, शेतकऱ्याचे वर्ष ठरते ते बरेचदा वावराबाहेर: कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत, बँकेच्या रांगेत, बाजार समितीच्या काट्यावर. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचे कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेते तेव्हा 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, 12 टक्क्यांपर्यंत तो उतरत जातो आणि त्यापुढे गाडी परत फिरते. रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या गाडीचा निकाल असा अर्ध्या मिनिटात लागतो, आणि तिथे कॅमेरा घेऊन कोणी उभे नसते, कारण तिथे आभाळ दिसत नाही.

तिसरा मुद्दा सोडून देतो. काट्याजवळ काढलेले एकच चित्र दाखवतो: कापसात खुपसलेली मॉइश्चर मशीनची सळई, काचेवर 13 हा आकडा, आणि चौकटीच्या कडेला, गाडीतला मूठभर कापूस दाबून पाहणारा एक हात. मागचे दिवे तेवढे मालवा.