बिडातून उष्णता किती वाहते?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

धातूंची उष्णतावाहकता आणि तिचे मापन हा विषय ठरला, तेव्हा बेळगावात त्याला श्रोते मिळतील का, अशी शंका काहींनी बोलून दाखवली होती. समोर उद्यमबागेतील ओतकाम करणारी आणि खानापूर तालुक्यातून रोज फाउंड्रीत कामाला येणारी इतकी मंडळी बसलेली पाहिल्यावर ती शंका फिटली असेल. माझे म्हणणे असे आहे की, आपण जे बीड (कास्ट आयर्न) ओततो त्याची उष्णतावाहकता आपण इथेच मोजावी. पुस्तकातला आकडा उचलून आपले भागणार नाही.

आकडे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात तांब्याची वाहकता सुमारे 400, अ‍ॅल्युमिनियमची 235, शुद्ध लोखंडाची 80 आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम 15 भरते. मात्र उष्णता ‘लवकर’ पोचणे आणि ‘जास्त’ वाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंगेनहाउझने 1789 मध्ये निरनिराळ्या धातूंच्या सळ्यांना मेण लावून त्यांची टोके तापवली आणि मेण कुठवर वितळते ते पाहिले. शाळेत हा प्रयोग दाखवताना मेण कोणत्या सळीवर आधी पळते तेच पाहिले जाते, आणि तिथेच फसगत होते. शिसे आणि लोखंड यांच्या सळ्यांवर ते सुरुवातीला जवळजवळ सारख्याच वेगाने पुढे सरकते, वास्तविक शिशाची वाहकता लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिशाला तापायला मुळात कमी उष्णता पुरते, म्हणून तसे दिसते. खरी वाहकता कळते ती मेणाची धाव थांबल्यावर, म्हणजे स्थिर अवस्थेत.

ही स्थिर अवस्था हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. वाहकता मोजण्याच्या सर्लच्या उपकरणात तांब्याच्या जाड दांड्याचे एक टोक वाफेच्या पेटीत असते आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळलेल्या नळीतून थंड पाणी संथपणे वाहत असते. दांड्यातील दोन भोकांत दोन तापमापी, पाणी आत येते तिथे एक आणि बाहेर पडते तिथे एक. दांडा 4 सेंटिमीटर व्यासाचा असून त्यावरील दोन तापमापींमध्ये 8 सेंटिमीटर अंतर आणि 10 अंशांचा फरक असेल, तर दांड्यातून साधारण 60 वॅट उष्णता वाहते. तेवढ्याने सेकंदाला दीड ग्रॅम वाहणारे पाणी सुमारे 10 अंशांनी तापते. चारही पारे दहा मिनिटे जागचे हलले नाहीत, म्हणजेच वाचन घेण्याची वेळ झाली.

एका महाविद्यालयात याच प्रयोगासाठी मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन टेबलांवर अजून वाफही धरली नव्हती, तरी वह्यांत 384 आणि 386 ही उत्तरे तयार होती. पुस्तकातल्या 385 वरून उलटे गणित करून तापमाने भरलेली होती. तिसऱ्या टेबलावरील मुलगी मात्र पारा स्थिर होईपर्यंत थांबली. तिचे उत्तर आले 340, आणि समासात तिने लिहिले होते की, दुसऱ्या तापमापीच्या पुढे लोकरी वेष्टन फाटलेले असल्याने काही उष्णता पाण्यापर्यंत न पोचता हवेत जात आहे. मी वेष्टन उचलून पाहिले. खालचे तांबे उघडे पडून काळवंडले होते. चूक किती आहे, कोणत्या दिशेची आहे आणि ती का झाली, हे तिघांपैकी तिने एकटीनेच सांगितले होते. तरीही अंतर्गत परीक्षकांनी उत्तर ‘चुकले’ म्हणून तिचे गुण कापले, आणि मी हट्ट धरूनही ते पूर्ण परत मिळाले नाहीत. उपकरणाकडे पाहणाऱ्यालाच दंड झाला, याची खंत माझ्या मनात अजून ताजी आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. 1853 मध्ये वीडेमान आणि फ्रान्झ यांनी दाखवले की, धातूंत विजेची आणि उष्णतेची वाहकता एकमेकींच्या प्रमाणात असतात, कारण बहुतांश उष्णता इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. म्हणून तांब्यासाठी विद्युतरोध मोजला तरी चांगला अंदाज येतो. बिडात हा मार्ग चालत नाही. त्यातील ग्रॅफाइट स्फटिकजालाच्या कंपनांवाटेही भरपूर उष्णता नेते, आणि विजेच्या मापनाला त्याचा पत्ता लागत नाही. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या करड्या बिडात, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची साखळी असल्याने वाहकता 50 च्या आसपास राहते. मॅग्नेशियम घालून एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे बीड) केले की ग्रॅफाइटच्या सुट्या गोळ्या होतात आणि ती 30 ते 35 पर्यंत उतरते. ब्रेक ड्रमसाठी ग्रे आयर्न मागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पापुद्र्यांचा आकार साच्यात धातू किती सावकाश निवतो यावर ठरतो, त्यामुळे एकाच चार्जच्या, म्हणजे भट्टीत एकदम वितळवलेल्या मालाच्या, जाड आणि पातळ कास्टिंगची वाहकताही वेगळी येऊ शकते.

1961 पासून वापरात असलेल्या फ्लॅश पद्धतीत चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा झोत सोडून मागची बाजू किती वेळात तापते ते पाहतात. 3 मिलिमीटर जाडीच्या बिडाच्या चकतीला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. ते यंत्र महाग आहे. आपल्याला तुलनेची पद्धत पुरेल: माहीत असलेल्या वाहकतेच्या दोन दांड्यांमध्ये टेस्ट बारमधून (चाचणीसाठी ओतलेल्या दांड्यातून) कापलेला तुकडा धरावा, त्याची तोंडे सपाट ग्राइंड करावीत, सांध्यांत उष्णता वाहणारे ग्रीस पातळ लावावे, भोवती वेष्टन नीट गुंडाळावे आणि तिन्ही भागांतील तापमानाचा उतार थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीने) घ्यावा. वरच्या आणि खालच्या दांड्यांतून वाहणारी उष्णता सारखी येत नसेल तर आकडा लिहू नये, आधी वेष्टन तपासावे.