जॉनी आणि रोनन: आयर्लंडचे दोन दहा नंबर

[क्रोक पार्क, डब्लिन. मे २००९.]

मैदानात ८२ हजारांवर माणूस. रग्बीतल्या हाइनेकेन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी, आणि गाठ आयर्लंडच्याच दोन प्रांतांची: लेन्स्टर आणि मन्स्टर. गुडघा दुखावून लेन्स्टरचा फ्लाय-हाफ (दहा नंबरची जर्सी घालून खेळाची सूत्रं हलवणारा खेळाडू) कॉन्टेपोमी बाहेर पडतो आणि आत येतो २३ वर्षांचा जॉनी सेक्स्टन. अजून अंगही गरम झालेलं नाही, तोच पेनल्टी. पहिलीच किक, आणि चेंडू खांबांमधून पार.

समोर मन्स्टरचा रोनन ओगारा. आयर्लंडची दहा नंबरची जर्सीही तेव्हा त्याचीच. लेन्स्टरने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, तसा हा नवखा पोरगा थेट ओगाराच्या अंगावर जाऊन ओरडला. शोभलं नाही. पण पुढची १४ वर्षं सेक्स्टन असाच खेळला, डोकं तापलेलं आणि पाय थंड.

त्याच कपची २०११ ची फायनल, कार्डिफ. मध्यंतराला लेन्स्टर ६-२२ असं मागे. सेक्स्टनने एकट्याने २८ गुण काढले आणि कप घरी आणला. २०१३ मध्ये तो पॅरिसच्या रासिंग मेत्रोकडे गेला, तर तिथे प्रशिक्षकांच्या ताफ्यात कोण? ओगारा! दोघांची दोस्ती जमली ती तिथे.

[स्टेड द फ्रान्स. फेब्रुवारी २०१८.]

फ्रान्स १३, आयर्लंड १२. ८० मिनिटं संपलेली. पण रग्बीत वेळ संपली म्हणून खेळ थांबत नाही, चेंडू जिवंत आहे तोवर चालतो. मग काय, धडक मारायची, पडायचं, चेंडू मागे द्यायचा, पुन्हा धडक. असे ४१ फेज! शेवटी चेंडू सेक्स्टनकडे. चाळीसेक मीटरवरून त्याने तो हातातून सोडला आणि टप्पा पडताक्षणी लाथाडला. ड्रॉप गोल, तीन गुण. १५-१३. त्या मोसमात ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा युरोपीय देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, आणि वर्षाअखेर जगातला सर्वोत्तम खेळाडू.

२०२३ ला, ३७ व्या वर्षी, कर्णधार म्हणून पुन्हा ग्रँड स्लॅम. सिक्स नेशन्समधला गुणांचा विक्रम मोडला, तोही ओगाराचाच. मे महिन्यात लेन्स्टर युरोपची फायनल हरलं, ओगारा प्रशिक्षक असलेल्या ला रोशेलकडून. जायबंदी सेक्स्टन खेळतही नव्हता, तरी सामनाधिकाऱ्यांवर घसरला. तीन सामन्यांची बंदी.

ऑक्टोबर. वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा स्टेड द फ्रान्स. न्यूझीलंड २८, आयर्लंड २४. अखेरीस आयर्लंडने ३७ फेज चेंडू सोडला नाही, पण या वेळी ड्रॉप गोलने भागणार नव्हतं. चेंडू न्यूझीलंडने हिसकावला. सेक्स्टनचा हा शेवटचा सामना: आयर्लंडकडून ११८ वा, खात्यात १,१०८ गुण.

२०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा तो प्रशिक्षकांमध्ये होता.