दुपारचं रीडिंग आणि पहाटेचं तळं

तळं वरून कसं निवांत दिसतंय बघा, पण दिसण्यावर जाऊ नका. आत्ता भर दुपारी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) पाण्यात सोडला तर आकडा मस्तच येणार, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन बनवत बसलेलं असतं. हाच प्रोब पहाटे सोडा, सूर्य उगवायच्या जरा आधी. रात्रभर मासे, जंतू आणि ते शेवाळसुद्धा ऑक्सिजन वापरतच राहिलेलं असतं, बनवणारं कोणीच नसतं, आणि शेवाळ माजलं असेल तर आकडा धाडकन खाली. मासे मरायची वेळ बरेचदा हीच, आणि रिपोर्टमध्ये दुपारचं रीडिंग, सगळं ओके!

म्हणून आता लॉगर लावतात, पाण्यात कायम बुडवून ठेवलेला सेन्सर, दर काही मिनिटांनी रीडिंग घेणारा. त्याच्यावर बुळबुळीत थर चढतो, तो वेळेवर पुसला नाही तर आकडे भरकटतात (हे काम कोणालाच नको असतं). तापमानही सोबत हवंच, २० अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच.

नदीत तर सरळ दगड उचलून उलटा करायचा. खालच्या बाजूला मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं चिकटलेली दिसली, पोटाच्या कडेचे कल्ले हलवणारी, मागे बहुतेक तीन शेपट्या, तर बरं चाललंय म्हणायचं. गाळात नुसत्या लाल अळ्याच वळवळत असतील तर ऑक्सिजनची बोंब असू शकते, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तग धरतात. रात्री कोणी घाण सोडली तर सकाळपर्यंत ती वाहून जाते, बाटलीतल्या सॅम्पलमध्ये काही सापडत नाही, पण दगडाखालचे किडे मेले ते काही लगेच परत येत नाहीत.

आणि शेवाळ माजायचं कारण शोधायचं तर? कॅनडात ऑन्टारियोमध्ये १९७३ साली संशोधकांनी एक अख्खा तलावच पडदा टाकून मधोमध तोडला, लेक २२६. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एकाच भागात. डिटर्जंटमध्ये फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच असायचा, आणि तोवर डिटर्जंटवाले कार्बनकडे बोट दाखवत होते. वरून फोटो काढला तर फॉस्फरसवाली बाजू शेवाळानं हिरवीगार, पडद्यापलीकडे पाणी नेहमीसारखं. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं आणायच्या वादात हा फोटो खूप फिरला. नायट्रोजन किती जबाबदार यावर मात्र शास्त्रज्ञांची अजूनही जुंपते.